बोर्ड गेला म्हणण्याआधी कार्ड काढून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हाला बघता येईल. घर जुळे सोलापुरात. डेस्कटॉप २०१८ च्या सुमाराचा: आय-३ ८१०० प्रोसेसर, एच३१० चा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), ४ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटबरोबरच आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारी डबी) आणि मागे फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या ॲनालॉग चित्राचं पोर्ट असलेला जुना मॉनिटर. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून विंडोज ११ टाकायचं ठरलं. त्या निमित्तानं एका रविवारी तीन वस्तू एकदम बसवल्या: ८-८ जीबीच्या दोन नव्या रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरायची वेगवान डिस्क) आणि ओळखीतून घेतलेलं सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागते, स्क्रीन मात्र काळीच. जुनी रॅम परत लावून बघितली, तरी तेच. दुकानात नेलं तर दहा मिनिटांत निकाल लागला: बोर्ड गेला, ६ हजार होतील.

मी सोलापुरात २२ वर्षं हेच काम करतोय. तरीही मशीन डोळ्यांसमोर नसताना तुमचा बोर्ड ठणठणीत आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एखादा बोर्ड खरंच जातो. पण तुम्ही लिहिलेल्यात एक गोष्ट आलेली नाही, आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडेच आहे. जुनी रॅम लावून बघितली, ठीक. ग्राफिक कार्ड काढून बघितलं का?

कारण रॅम जुनी लावली म्हणून मशीन जुनं झालं नाही. कार्ड अजून आतच आहे, एसएसडी आतच आहे. शनिवारी रात्री जे मशीन चालत होतं, ते तुम्ही अजून पुन्हा उभंच केलेलं नाही. मग बोर्ड गेला हे कशावरून ठरलं? तीन बदल एकदम केले की कुठला पार्ट मेला हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि या तिघांतला अडवतोय कोण, की बसवताना चौथंच काही हललं, एवढंच शोधायचं. त्यासाठी लागणारी सगळ्यात महाग सामग्री तुमच्या घरीच पडलेली आहे: ती काढलेली ४ जीबीची रॅम. ती चालत होती हे सिद्ध झालेलं आहे. नव्या कुठल्याच वस्तूबद्दल तसं म्हणता येत नाही. पुष्कळ लोक अपग्रेड झालं की जुनी रॅम त्याच संध्याकाळी विकून टाकतात आणि मग माझ्याकडे येतात.

आता सगळ्यात जास्त संशय कुठे, ते आधी सांगतो. तुमचा मॉनिटर व्हीजीएचा. १६६० सुपरच्या मागे व्हीजीए नाही. एचडीएमआय असतं, डिस्प्लेपोर्ट असतं, काहींना डीव्हीआय असतं. मग तुम्ही व्हीजीएची केबल लावली कुठे? माझा अंदाज, जिथे आठ वर्षं होती तिथेच, म्हणजे बोर्डाच्या पोर्टला. आणि इथेच गोम आहे. तुमच्या आय-३ ८१०० मध्ये ग्राफिक आतच असतं, म्हणून आजवर बोर्डाच्या पोर्टवर चित्र येत होतं. पण स्लॉटमध्ये वेगळं कार्ड दिसलं की बहुतेक बोर्ड आतलं ग्राफिक आपोआप बंद ठेवतात आणि चित्र कार्डाकडे पाठवतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ही सेटिंग बदलता येते, पण मुळात ती तशीच येते. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर कदाचित पूर्ण चालू आहे, आत विंडोजसुद्धा येऊन बसलंय, आणि आपण बंद दारासमोर उभे राहून हाका मारतोय.

हे पडताळायला एक गावठी युक्ती आहे. बटण दाबल्यावर दोनेक मिनिटं थांबा आणि कीबोर्डचं नम लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय असं झालं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र भलतीकडे जातंय. दिवा हलला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण हल्लीच्या पुष्कळ कीबोर्डना तो दिवाच नसतो.

मागे होटगी रोडवरून एक काका मशीन रिक्षात घालून घेऊन आले होते. मुलानं कार्ड बसवलं, डिस्प्ले येईना, दोन ठिकाणी दाखवून झालं. मी त्यांच्यादेखत केबल बोर्डावरून काढून कार्डाला लावली आणि चित्र आलं. काका माझ्याकडे असे बघत राहिले की पैसे मागायची मलाच लाज वाटली. "आवो, एवढंच व्हतं की!" म्हणाले. एवढंच होतं. पण त्यांच्याकडे एचडीएमआयचा मॉनिटर होता, तुमच्याकडे नाही. तुम्हाला कन्व्हर्टर लागेल, आणि तो आणताना बघून आणा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असावी लागते. डीव्हीआयला लावायची जी छोटी, आत काहीच नसलेली जोडणी मिळते, ती या कार्डावर चालणार नाही; एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिकेपासून ॲनालॉग सिग्नल देणंच बंद केलंय. शक्य असेल तर कन्व्हर्टरच्या भानगडीत न पडता कार्डाची एचडीएमआय केबल घरच्या टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर योग्य इनपुट निवडायला मात्र विसरू नका. त्या एका बटणापायीही मशीन माझ्या दुकानात आलेली आहेत.

समजा हे सगळं तुम्ही आधीच केलंय आणि केबल कार्डालाच होती. तर मग पुढे.

मशीन शनिवारच्या स्थितीत न्या. प्लग भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज उतरेल. एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडायची नाही. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो प्लग काढल्याक्षणी जात नाही. कार्ड काढा. स्लॉटच्या टोकाला छोटी खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका. एसएसडी काढा. दोन्ही नव्या रॅम काढा. जुनी ४ जीबी ज्या स्लॉटमध्ये होती त्याच स्लॉटमध्ये लावा. हार्ड डिस्कची केबलसुद्धा आत्ता काढून ठेवा, चित्र यायला डिस्क लागत नाही. व्हीजीए बोर्डाला. आणि चालू करा.

डिस्प्ले आला, तर बोर्ड, प्रोसेसर, जुनी रॅम आणि एसएमपीएसचं रोजचं काम, चारही बाबी एका फटक्यात पास झाल्या. ६ हजार वाचले. मग एकेक वस्तू घालायची, प्रत्येक वेळी प्लग काढून: आधी एक नवी रॅम, मग दुसरी, मग एसएसडी, शेवटी कार्ड. कंटाळा येतो, मान्य. मलाही येतो. पण जिथे अडेल तिथे नेमकं बोट ठेवता येतं.

नाहीच आला, तर बसवताना काहीतरी हललं, किंवा घाण आत गेली असं मी धरतो. आणि इथे आपल्या गावाचा मुद्दा येतो. तुमच्या बोर्डावर रॅमचे दोन स्लॉट. एक आठ वर्षं भरलेला, दुसरा आठ वर्षं उघडा. ग्राफिक कार्डाचा स्लॉटही उघडाच. सोलापूरची धूळ काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वभागातल्या, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांजवळच्या घरांतली मशीन उघडली तर धुळीत कापसाचे बारीक तंतूही मिसळलेले असतात, पंख्यावर त्याची अक्षरशः वाकळ बसलेली असते. तुम्ही रॅम त्या रिकाम्या स्लॉटमध्ये दाबली तेव्हा आठ वर्षांची धूळ तिच्या सोनेरी पट्ट्यांखाली ठासली गेली. बोर्डाला मग रॅम अर्धवट दिसते आणि तो गप्प बसतो. दोन्ही स्लॉट, कार्डाचा स्लॉट, सगळं ब्लोअरनं किंवा कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खराब होतं. जुन्या रॅमच्या पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या तरी चालतं. आमच्या धंद्यात ही सवय पिढीजात आहे. नव्या रॅमला त्याची गरज नाही.

रॅम बसवताना लोक घाबरून कमी दाबतात. खाच जुळवा, मग दोन्ही टोकं आळीपाळीनं दाबा, टक् असा आवाज यायला हवा. स्वस्तातल्या काही बोर्डांना खिट्टी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूला रॅम अर्धी वर राहिली तरी लक्षात येत नाही. डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा. नव्या रॅमवर डीडीआर४ लिहिलंय ना, तेही एकदा वाचा. डीडीआर३ किंवा डीडीआर५ त्या खाचेत बसतच नाही, पण जोर करून बसवू पाहणारे मी पाहिलेत. तुमच्या रॅमवर ३२०० लिहिलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही, हा प्रोसेसर ती २४०० वर चालवेल.

आणि चालू केल्यावर धीर धरा. रॅम बदलल्यावर काही बोर्ड एक-दोनदा स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतात, नव्या रॅमशी ओळख करून घेतात. डीडीआर५ च्या नव्या मशीनना पहिल्यांदा याला काही मिनिटंसुद्धा लागतात. दहा सेकंदांत बटण दाबून बंद केलं की ती ओळख अर्धवट राहते आणि आपण म्हणतो, डिस्प्ले येत नाही.

दुसरी हलणारी गोष्ट म्हणजे प्रोसेसरची पॉवर. एसएमपीएसमधून बोर्डाला दोन जोडण्या जातात. एक रुंद, २४ पिनची, ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी चार किंवा आठ पिनची, प्रोसेसरच्या जवळ, कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात लपलेली. कार्ड किंवा एसएसडी बसवताना हात अडकतो, केबल ताणली जाते आणि ही जोडणी सैल होते. ती सुटली तरी पंखे फिरतात, लाइट लागते, आणि स्क्रीन काळी. तुमचं लक्षण हुबेहूब तेच आहे. काढून पुन्हा लावा, नुसती दाबून सोडू नका.

एवढ्यानंही झालं नाही तर बायोसची सेटिंग पुसायची. बोर्डावर रुपयाएवढा सेल असतो, सीआर२०३२. प्लग काढून तो सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा. बोर्डाच्या पुस्तिकेत जंपर दाखवला असेल तर दोन पिन काही सेकंद स्क्रू ड्रायव्हरनं जोडूनही हेच होतं. आठ वर्षांचा सेल असेल तर परत तोच लावू नका, नवा आणा. पण दोन सूचना. एक, विंडोजनं तुमची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केली असेल तर बायोस पुसल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा. दुसरी, घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाईल. ते नीट केलं नाही तर ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित आहे म्हणून ओरडेल, आणि तुम्हाला वाटेल आता नेटही गेलं.

शक्य झालं तर बोर्डाला लावायचा छोटा स्पीकरही घ्या. दोघांच्या चहाच्या पैशांत मिळतो आणि हल्लीच्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा नसतोच. बोर्ड बीप देतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. कुठल्या बीपचा अर्थ काय हे बायोसवर अवलंबून असतं, म्हणून पुस्तिकेतच बघा. पण माझ्या अनुभवातली एक खूण सांगतो: रॅम पूर्ण काढून चालू केल्यावर बोर्ड बीपबीप करून ओरडला, तर तो जिवंत आहे. प्रोसेसर चालतोय, बायोस चालतंय, रॅम नाही म्हणून तक्रार करतंय. मेलेलं मशीन तक्रार करत नाही.

आता कार्ड. बाकी सगळं चाललं आणि कार्ड घातल्यावरच काळं झालं, तर दोन-तीन शक्यता उरतात. १६६० सुपर भरात १२५ वॅटपर्यंत खातं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणून त्याला वरून आठ पिनची पॉवर द्यावीच लागते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसला ही जोडणी बहुधा नसते. तुम्ही ती कशी दिली? जुन्या चार पिनच्या केबलवरून कन्व्हर्टर लावला असेल तर मला तो आवडत नाही. पातळ वायर, सैल पिना, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला गेला की कॅबिनेटच्या आत काय होत असेल बघा. असे वितळलेले कन्व्हर्टर मी हातानं काढलेत. आणि एक धोका नीट लक्षात ठेवा: प्रोसेसरची आठ पिनची जोडणी आणि कार्डाची आठ पिनची जोडणी दिसायला बहिणी आहेत, पण आतली १२ व्होल्ट आणि ग्राउंडची मांडणी उलटी आहे. त्यांचे आकार मुद्दाम थोडे वेगळे ठेवलेत ते यासाठीच. जोर लावून बसवली तर मात्र बोर्ड गेला हे खरंच होऊ शकतं.

४५० वॅट पुरतील का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. गणित सोपं आहे. प्रोसेसर ६५, कार्ड १२५, बाकी सगळं मिळून ५० धरा; २४० झाले. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला हे जड नाही. पण डबीवरचा ४५० हा आकडा वाचू नका, त्याखालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि त्याला १२ नं गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. तिथे १६ अँपिअर असतील तर तुमच्या हातात १९२ वॅट आहेत, नाव काहीही असो. मात्र एक भेद करा. नुसता कमजोर एसएमपीएस सहसा पहिल्याच सेकंदाला काळी स्क्रीन देत नाही. तो विंडोज चालू देतो आणि गेम लावला की मशीन खटकन बंद पाडतो. त्यामुळे आजच्या तुमच्या तक्रारीचं खापर मी वॅटवर फोडणार नाही, जोडणीवर फोडेन. पण या कार्डाबरोबर तो एसएमपीएस मी ठेवणारही नाही.

कार्ड सेकंडहँड आहे, तेव्हा ते मित्राच्या मशीनमध्ये घालून बघणं उत्तम. या कार्डांनी एकेकाळी क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस मजुरी केलीय. कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून मात्र ते मेलं असं ठरवू नका. गार असताना पंखे थांबवून ठेवणारी कार्डं पुष्कळ आहेत.

इथे जरा विषय सोडून अर्थिंगबद्दल बोलतो, कारण मशीन उघडलंच आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? टेस्टर लावल्यावर मिणमिणतो का? आपल्या गावात जुन्या वाड्यांत, चाळींत तर असतंच, पण नव्या बंगल्यांतही अर्थिंगची तार भिंतीत नुसतीच सोडलेली सापडते. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधल्यामध्ये, ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहते. प्रवाह अगदी थोडा, माणसाला फक्त चावतो. पण अशा अवस्थेत चालू मशीनला चालू टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसली की पोर्ट उडू शकतं. म्हणून वर टीव्हीला लावून बघा म्हटलं ते दोन्ही बंद करून, प्लग काढून लावा.

विजेचाच एक किस्सा. पूर्वभागात एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातलं मशीन. रॅम आणि एसएसडी वाढवल्यावर तक्रार सुरू झाली: सकाळी चालू होत नाही, दुपारी होतं. साहजिकच सगळे म्हणाले, रॅम खराब. मालक मला म्हणाले, "अण्णा, तुमीच बगा आता." मी मशीन दुकानात आणलं, दोन दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी मीटर घेऊन तिथे जाऊन बसलो. माग सुरू व्हायच्या वेळी सॉकेटवरचा दाब १७० पर्यंत खाली येत होता. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. आणि आतला एसएमपीएस इतका थकलेला, की तेवढ्यात दम सोडायचा. अपग्रेडच्या आधीही हे होतच असणार. पण तेव्हा मशीन रात्रभर चालूच ठेवायचे, म्हणून कुणाला कळलं नाही. तुमच्या भागात माग नाहीत, तरी ही शक्यता डोक्यात असू द्या.

एसएसडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळे स्क्रीन काळी होणं विरळा. ती त्रास देते तो डिस्प्ले आल्यावर. एम.२ च्या स्लॉटमध्ये बसते म्हणजे चालतेच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा (हार्ड डिस्कच्याच जुन्या पद्धतीच्या एसएसडी) घेतात, काही फक्त एनव्हीएमई. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा एसएसडी लावली की हार्ड डिस्कचं एक पोर्ट बंद पडतं. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. एच३१० वर एनव्हीएमई तिच्या पूर्ण वेगानं धावणार नाही, तरी हार्ड डिस्कनंतर तुम्हाला ती विमानासारखीच वाटेल.

चित्र आलं आणि 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असा संदेश आला, तर आनंद माना, हा वेगळा आणि हलका आजार आहे. एक तर हार्ड डिस्कची केबल आपणच काढलीय. किंवा बायोस पुसल्यामुळे जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज त्याला आता सापडत नाही. बायोसमधल्या बूटच्या पानावर सीएसएम किंवा लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, चालू केलं की जुनं विंडोज परत येतं. विंडोज ११ मात्र यूईएफआय या नव्या पद्धतीनंच, एसएसडीवर कोरं टाका. तुमचा प्रोसेसर त्याच्या यादीत आहे, बायोसमध्ये पीटीटी नावाची सेटिंग तेवढी चालू करा, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय त्यातून मिळते. आणि टाकताना हार्ड डिस्कची केबल काढलेली असू द्या. नाहीतर विंडोज स्वतः एसएसडीवर बसतं आणि बूटची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर ठेवतं. पुढे सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की मशीन उभंच राहत नाही, आणि त्या दिवशीचं कारण कुणालाच आठवत नाही.

आता दुकानदाराबद्दल. मी त्या धंद्यातलाच आहे, त्यामुळे त्याला लबाड म्हणायची मला घाई नाही. त्याच्यासमोर दहा मशीन पडलेली असतात, काळी स्क्रीन दिसली की बोर्ड म्हणणं सोपं असतं. पण तुम्ही एकच विचारा: "कशावरून?" कार्ड काढून, चालणारी रॅम लावून, दुसरा एसएमपीएस लावून तरी डिस्प्ले नाही, असं त्यानं तुमच्यासमोर दाखवलं तर त्याचं ऐका. प्रोसेसरला तुम्ही हातच लावलेला नाही, त्यामुळे सॉकेटच्या पिना वाकण्याचा प्रश्न येत नाही. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, काळा डाग असं काही असेल तर मात्र घरी प्रयोग करू नका.

आणि बोर्ड खरंच गेला असेल तर ६ हजार लगेच देऊ नका. तुमचा प्रोसेसर फक्त ३०० मालिकेच्या बोर्डांवर चालतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डाचं सॉकेट दिसायला तेच असतं, पण त्यावर हा चालत नाही. म्हणजे मिळणार तो बहुधा वापरलेला, दुरुस्त केलेला बोर्ड. त्याची गॅरंटी किती आणि लेखी आहे का ते विचारा. तेवढ्या पैशात आणखी भर घालून डीडीआर४ घेणारा एच६१० चा नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर घेतला तर तुमच्या नव्या रॅम, एसएसडी, कार्ड सगळं त्यावर चालून जाईल. खिशाचं गणित तुमचं, मी फक्त पर्याय दाखवला.

तर क्रम पुन्हा एकदा. आधी टीव्ही लावून कार्डाचं चित्र तपासा. नाही आलं तर कार्ड, एसएसडी, नव्या रॅम बाहेर. जुनी रॅम जुन्या स्लॉटमध्ये, व्हीजीए बोर्डाला. तरी नाही, तर स्लॉट साफ करा, प्रोसेसरची पॉवर काढून लावा, सेल काढून बायोस पुसा, स्पीकर लावून बीप ऐका. यातल्या कुठल्या पायरीवर काय झालं ते लिहा, आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा. व्हीजीएची केबल त्या रविवारी नेमकी कुठे लावली होती, तेही सांगा. लाजू नका, होटगी रोडचे काका अजून माझ्याकडेच येतात.